डावा स्पीकर आणि लॉरेटाची खुर्ची

मित्रांनो, मी जुना आहे, लाकडी आहे, डावा आहे आणि मनाने फारसा मोठा नाही. शेवटचं आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझी गोष्ट ऐकताना तुमच्या ते लक्षात येणारच आहे. मी एका जोडीतला स्पीकर. मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात, व्रूबेल कुटुंबाच्या तळघरात मी चव्वेचाळीस वर्षं उभा आहे. त्यातली निदान चाळीस मी कुणाचा ना कुणाचा हेवा करण्यात घालवली.

मला घडवलं क्लेम व्रूबेलने. क्लेम ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करायचा. साचा केसभर चुकला की ओतलेलं लोखंडही चुकतं, त्यामुळे त्याच्या हाताला चुकायची सवय नव्हती. त्याची बायको लॉरेटा. दोघांची ओळख झाली ती चर्चच्या मागच्या नाचाच्या हॉलमध्ये, ट्युबा नावाच्या खर्जातल्या पितळी वाद्याच्या ठेक्यावर पोल्का नाचताना. पुढे तो हॉल बंद पडला आणि लॉरेटा आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही.

"तिथली जमीन हलायची रे," ती क्लेमला म्हणाली. "ट्युबा वाजायला लागला की तळपायातून वर यायचा. आता कुठे जाऊन नाचायचं?"

"कुठे कशाला जायचं? आपल्याच घरातली जमीन हलवतो मी. बघच तू," क्लेम म्हणाला.

तो शहात्तर सालचा हिवाळा. बाहेर बर्फ आणि आत गॅरेजमध्ये आमचं काम. जाड प्लायवुड, आतून आडव्या पट्ट्या, सांध्यांना सरस. आवाज पोटातल्या पोटात घुमत राहू नये म्हणून लॉरेटाने जुन्या रजया उसवून त्यांतली लोकर आमच्यात भरली. पुढचं तपकिरी कापडही तिनेच ताणून बसवलं. तोंडात टाचण्या धरून ती माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "हा डावा जास्त गुळगुळीत झालाय." मित्रांनो, माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. मी ते चव्वेचाळीस वर्षं पुरवून पुरवून वापरतो आहे.

आणि मग आम्हाला खाली नेऊन जागा दिल्या. तळघर लांबट होतं. एका टोकाला आम्ही दोघं, दुसऱ्या टोकाला लाकडी बार आणि त्यामागे ग्लासांची फळी. माझ्या भावाला मिळाला उजवा कोपरा. मला मिळाली डावीकडची जागा, जिन्याच्या अगदी तोंडाशी. तुम्ही म्हणाल, जागेत काय एवढं? अहो, स्पीकरचं निम्मं आयुष्य जागेतच असतं! कोपऱ्यात उभा राहणाऱ्याला दोन भिंती मागून जोर देतात. त्याचा खर्ज दामदुपटीने बाहेर येतो. माझा खर्ज मात्र एका बाजूने जिना चढून वर स्वयंपाकघरात पळून जायचा. आम्ही एकाच फळीतून कापलेले, एकाच दिवशी रंगवलेले. पण कोपरा त्याला आणि जिना मला.

पहिल्याच रविवारी शेजारचा नॉर्ब दुशिन्स्की आमचं उद्घाटन करायला आला. नॉर्ब म्हणजे हातात ब्रँडीचा ग्लास आणि जिभेवर दुसऱ्याची खोडी. तो उजव्यासमोर वाकला, त्याने पोटावर हात ठेवून ट्युबा ऐकला आणि ओरडला, "क्लेम, लेका, हा स्पीकर नाही, बैल आहे बैल!"

"आणि तो डावा?" क्लेमने विचारलं.

नॉर्बने माझ्याकडे मान वळवून पाहिलं. "तो बैलाचा चुलतभाऊ. शहरात नोकरीला असतो."

सगळे हसले. लॉरेटासुद्धा हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तेवढ्यात पुढचा पोल्का सुरू झाला आणि मला वाजावं लागलं. आमच्या धंद्यात रुसून बसायची सोय नाही.

पहिली दहा वर्षं मात्र आनंदाची होती. रविवारी चर्चहून आल्यावर गरम हॅम आणि कडक पाव खाऊन झाले की गालिचा गुंडाळला जायचा आणि लॉरेटा नाचायची. ती सगळ्या खोलीभर फिरायची, एका जागी थांबायचीच नाही. क्लेम तिच्यामागे धापा टाकत असायचा. "अहो आजोबा, पाय उचला," असं ती त्याला म्हणायची, तेव्हा तो जेमतेम चाळिशीत होता. नंतर पत्त्यांचे डाव पडायचे. सगळे उजव्याची तारीफ करायचे. मी जळायचो आणि वाजायचो.

मग वयाबरोबर तळघरात खुर्च्या आल्या. माझ्या गोष्टीतली सगळी गडबड त्या खुर्च्यांपासून सुरू होते, म्हणून त्या कुठे होत्या ते नीट ऐका. क्लेमने स्वतःची आरामखुर्ची दोरी लावून, माप घेऊन ठेवली, आम्हा दोघांपासून बरोब्बर सारख्या अंतरावर, खोलीच्या पाऊण लांबीवर. त्याच्या मते सबंध घरातली ती सर्वांत चांगली जागा. लॉरेटाची खुर्ची त्याच्या मागे, थेट शेवटच्या भिंतीला टेकून, बारच्या बाजूला. तिथे दिवा होता आणि तिला विणकामाला उजेड लागायचा. तिची खुर्ची कुणी दोरी लावून ठेवली नाही.

खुर्चीत बसायला लागल्यापासून क्लेमला एक नवंच दुखणं जडलं. "खर्ज गेला," तो म्हणायचा. "ट्युबा आहे, पण त्याला पोट नाही."

"मला तर पुष्कळ ऐकू येतोय," लॉरेटा मागून म्हणाली. "जरा जास्तच होतोय."

"जास्त? अगं, इथे तर काहीच नाही! तू विणकामात असतेस, तुझं लक्ष नसतं."

लॉरेटाने खांदे उडवले आणि टाके मोजायला लागली. क्लेम उठला, माझ्यापाशी आला आणि त्याने माझ्या डोक्यावर टिचकी मारली. "हा डावाच मेला मठ्ठ आहे," तो म्हणाला. बैलाला कुणी मठ्ठ म्हणालं नाही. कोपऱ्यात उभा राहून तो नुसता ऐकत होता.

मित्रांनो, खरी गोष्ट वेगळीच होती, ती मलाही पुष्कळ उशिरा कळली. उंच सूर बारीक असतात, ते खोलीभर सांडतात. खर्जाचा सूर लांबच लांब असतो. तो समोरच्या भिंतीवर आपटून परत फिरतो आणि येणाऱ्याला वाटेत भेटतो. काही ठिकाणी दोघं मिळून ढीग करतात, तर काही ठिकाणी एकमेकांना पुसून टाकतात. भिंतीपाशी नेहमी ढीग असतो. आमच्या खोलीत पाऊण लांबीवर नेमका खड्डा होता, आणि त्या खड्ड्यात क्लेमने दोरी लावून आपली खुर्ची ठेवली होती. त्याच्या कानाचं, माझं, कुणाचंच काही चुकत नव्हतं. तो बसला होता तिथे खर्ज पोचतच नव्हता.

पण क्लेम हाताने काम करणारा माणूस. काही कमी पडलं की तो हत्यार आणतो. त्याने इक्वलायझर आणला.

आता याच्याबद्दल मी चांगलं बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. चपटी काळी पेटी. अंगावर ओळीने दहा दांड्या आणि प्रत्येक दांडीला लाल दिवा. डावीकडच्या दांड्या खर्जाच्या, उजवीकडच्या उंच सुरांच्या. दांडी वर केली की तो सूर वाढतो, खाली केली की कमी होतो. बस, एवढंच त्याचं काम. स्वतः एक सूर काढायची अक्कल नाही. तरी क्लेम रोज त्याची धूळ झटकायचा, आणि तीही लॉरेटाच्या स्वयंपाकघरातल्या ब्रशने.

"क्लेम! पावाला लोणी लावायचा ब्रश आहे तो!" वरून लॉरेटा ओरडायची.

"त्याचेच केस मऊ आहेत!"

"मग पुढच्या रविवारी त्या डबड्यालाच भाजून खा!"

माझी धूळ चव्वेचाळीस वर्षांत कुणी लोण्याच्या ब्रशने झटकली नाही. असो.

सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. तळघरात पस्तीस माणसं जमली. लॉरेटाने निळा झगा आणि नाचाचे जुने बूट घातले होते. बायका मागे बारपाशी तिच्याभोवती उभ्या होत्या. पहिला पोल्का लावायच्या आधी क्लेम आपल्या खुर्चीत बसून कान देऊन ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. आज तिला हॉलमधल्यासारखा ट्युबा ऐकवायचाच, असं त्याने ठरवलं होतं आणि त्याच्या खड्ड्यात ट्युबा येत नव्हता. तो उठला आणि त्याने डावीकडच्या पहिल्या दोन दांड्या पार वर सरकवल्या.

दांडी शेवटपर्यंत चढली म्हणजे आमच्यावर किती बोजा येतो, याचा अंदाज आहे तुम्हाला? सोळापट. खड्ड्यात कितीही ओता, तो भरत नाही. जितकं जास्त ओतावं तितकं जास्त पुसलं जातं. क्लेमच्या खुर्चीत जेमतेम कुजबुज वाढली. पण माझ्या पोटातला मोठा पडदा पुढे-मागे आपटायला लागला. तिकडे मागच्या भिंतीपाशी ढिगावर ढीग झाला. फळीवरचे ग्लास थरथरून एकमेकांवर वाजले. लॉरेटाने दोन्ही हात कानांवर ठेवले. मला ते स्पष्ट दिसलं. मग माझ्यातून जळका वास आला, आतली तारेची गुंडाळी करपली आणि मी मुका झालो.

"चुलतभाऊ गेला रे!" नॉर्ब ओरडला. "बैल एकटा पुरे आहे, वाजव!"

बैल एकटा वाजला. लोक नाचले. लॉरेटा "बर्फ घेऊन येते" म्हणून वर गेली. बर्फ घेऊन ती परत आली तेव्हा चार गाणी संपली होती.

मी पाच महिने तसाच पडून होतो, पोटाला भोक आणि डोक्यावर धुवायच्या कपड्यांची टोपली. नंतर क्लेमने नवा पडदा बसवला, हात लावून "सॉरी गड्या" असंही म्हणाला. पण माझ्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं, हे मी पाहिलं होतं. हेवा करणाऱ्याला असल्या गोष्टी विसरता येत नाहीत.

त्या दिवसापासून लॉरेटा कमी यायला लागली. आधी अर्धा तास बसायची आणि "डोकं दुखतंय" म्हणून उठायची. मग पंधरा मिनिटं. मग नुसती जिन्यातून डोकावून, "तू ऐक, मी वर आहे." शेवटी डोकावणंही थांबलं. विणकामाची टोपलीसुद्धा वर गेली.

आणि वर होता रेडिओ.

मित्रांनो, मी बैलाचा हेवा केला, इक्वलायझरचा केला, पण त्या रेडिओइतका हेवा मी कुणाचाच केला नाही. शेंदरी प्लास्टिकचा, पावाच्या डब्याएवढा. त्याच्या अंगात खर्ज नावालासुद्धा नव्हता. ट्युबा त्याच्यातून यायचा तो माशी बाटलीत अडकल्यासारखा. मी जिन्याच्या तोंडाशी होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. रविवारी दुपारी खाली क्लेम आमच्यावर पोल्का लावायचा आणि वर लॉरेटा त्या शेंदरी डबड्यावर दुसराच पोल्का लावायची, स्वतःशी गुणगुणायची. तिच्यासाठी केलेले आम्ही. तिच्या हातच्या कापडाचे आम्ही. आणि ती हसायची त्याच्याजवळ! माझ्या अंगात हात असते तर मी त्या रेडिओला पाण्यात बुडवलं असतं. हे चांगलं नाही, मला माहीत आहे.

क्लेमलाही तो रेडिओ खुपायचा. फक्त त्याने कारण चुकीचं धरलं होतं. "तिला हॉलमधली जमीन हवी आहे," तो नॉर्बला सांगायचा. "इथे खर्जच पुरत नाही, मग ती कशाला बसेल?" म्हणून तो दांडी आणखी थोडी वर करायचा. दांडी वर गेली की लॉरेटाची खुर्ची आणखी नकोशी व्हायची. इतकी वर्षं हेच चाललं. तिच्या प्रेमापोटी तो तिला जिना चढवत होता, आणि मी त्या जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून पाहत होतो.

क्लेम ऐंशीचा झाला तेव्हा त्याने शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. जुना इक्वलायझर जाऊन नवा आला. त्याला दांड्या नव्हत्या, एक माइक होता. तो माइक ऐकणाऱ्याच्या जागी उभा करायचा, मग यंत्र आमच्याकडून खालपासून वरपर्यंत सगळे सूर काढून घेतं आणि कुठे ढीग, कुठे खड्डा ते स्वतः मोजतं.

"हे झालं तर झालं," क्लेम नॉर्बला म्हणाला. "या रविवारी लॉरेटा खाली येऊन बसली तर ठीक. नाही तर ट्रक घेऊन ये आणि दोघांना उचल. तुझ्या पुतण्याला गॅरेजात हवेत ना?"

"बैल हवाय त्याला. चुलतभावाचं काय ते बघू."

म्हणजे मला गॅरेजसुद्धा नव्हतं. त्या आठवड्यात मी जेवढा घाबरलो तेवढा जळतानाही घाबरलो नव्हतो.

रविवार उजाडला. वर हॅमचा वास होता आणि शेंदरी रेडिओ चालू होता. अंगणात नॉर्बचा ट्रक उभा होता आणि नॉर्ब बारपाशी. क्लेमने आपल्या खुर्चीत माइकची काठी उभी केली, बरोबर डोक्याच्या उंचीवर, आणि चिकटपट्टीने बांधली. कसा ऐटीत बसला होता तो माइक! मालकाच्या खुर्चीत मालकासारखा. मला त्याचाही हेवा वाटला, ही माझी सवयच आहे.

मग क्लेम उभा राहिला. यंत्राने सांगितलं होतं की माइकच्या आणि स्पीकरच्या मध्ये कुणी उभं राहू नये. त्याच्या गुडघ्यांना उभं राहवत नव्हतं. स्वतःच्या खुर्चीत माइक बसलेला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मागे जाऊन लॉरेटाच्या खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

यंत्राने आमच्याकडून सूर काढायला सुरुवात केली. अगदी तळापासून, ऊऽऽऽ करत, हळूहळू वर. एका ठिकाणी सूर पोचला आणि फळीवरचे सगळे ग्लास वाजायला लागले. क्लेमचा चष्मा नाकावर थरथरला. त्याने छातीवर हात ठेवला.

"थांबव! थांबव ते!"

"काय झालं? दुखतंय का?" नॉर्ब पुढे धावला. "रुग्णवाहिका बोलावू?"

"गप रे." क्लेम धडपडत उठला आणि आपल्या खुर्चीपाशी गेला. माइकशेजारी कान नेऊन म्हणाला, "आता तोच सूर परत लाव." नॉर्बने बटण दाबलं. काही नाही, नुसती कुजबुज. क्लेम मागे आला, लॉरेटाच्या खुर्चीत बसला. "परत लाव." ग्लास वाजले. क्लेम पुन्हा पुढे. कुजबुज. पुन्हा मागे. ग्लास.

"क्लेम, तू संगीत खुर्ची खेळतोयस का?" नॉर्ब म्हणाला.

क्लेम हसला नाही. तो लॉरेटाच्या खुर्चीतच बसून राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. मग त्याने जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

"लॉरेटा! अगं लॉरेटा! खाली ये जरा."

रेडिओ बंद झाला. ती जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आली, कमरेला एप्रन, हातात टॉवेल. माझ्यापासून दोन हातांवर.

"काय आहे? पाव करपतील."

"या खुर्चीत असं व्हायचं?"

"कसं?"

"अगं, छाती फुटते इथे! डोकं उठतं! तू हे सहन करत होतीस?"

"सहन कुठे केलं? वर गेले की." लॉरेटाने टॉवेल दुसऱ्या हातात घेतला. "आणि मी सांगितलं होतं तुला."

"कधी?"

"जास्त होतंय म्हणाले होते. तू म्हणालास, इथे तर काहीच नाही."

"मग?"

"मग तू दांडी अजून वर केलीस."

क्लेम म्हणाला, "पुन्हा सांगायचंस ना. ओरडून सांगायचंस. मला ब्रशवरून ओरडतेस!"

"ब्रश माझा होता," ती म्हणाली. "हे तू माझ्यासाठी केलेलंस. पूर्ण हिवाळा गॅरेजात बसून. बोटं सुजली होती तुझी. त्याच खोक्यांनी माझं डोकं उठतं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? मला वाटलं, तुझा जीव रमतोय ना, रमू दे. मी आपली वर बरी."

"आणि मी समजत होतो तुला कमी पडतंय."

"हो. ते मला कळलंच नाही रे," लॉरेटा म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसली.

मित्रांनो, मी सगळ्यांवर जळणारा, पण त्या क्षणी मला कुणाचाही हेवा वाटला नाही. मला फक्त वाईट वाटलं.

मग क्लेमने काम केलं ते साचे करणाऱ्या माणसासारखं. त्याने माइक आपल्या खुर्चीतून सोडवला आणि तिच्या खुर्चीत बांधला. यंत्राने पुन्हा मोजलं आणि तो ढीग दाखवला. त्याच्या काचेवर खरोखर डोंगरासारखी रेघ आली होती. "वाढवायचं काहीच नाही," क्लेम पुटपुटला. "कापायचं आहे. तीस-बत्तीस वर्षं मी उलट बाजूने रंधा मारतोय." दोघांच्या आवाजातून तो डोंगर त्याने छाटून काढला. बैलाचा जास्त छाटला, कारण कोपऱ्यामुळे त्याचाच जास्त माजला होता. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

राहिला क्लेमच्या खुर्चीचा खड्डा. यंत्र तो भरायला तयार होतं. क्लेमने त्याला भरू दिलं नाही. "तिथे ओतून एक पडदा जाळलाय मी," तो म्हणाला. "नॉर्ब, ही खुर्ची धर."

"कुठे न्यायची? ट्रकमध्ये?"

"मागे. तिच्या शेजारी."

दोघा म्हाताऱ्यांनी ती जड आरामखुर्ची ओढत, शिव्या देत मागच्या भिंतीला लावली. तिथे ढीग होता आणि ढीग कापता येतो. एकदा कापला की दोन्ही खुर्च्यांत सारखंच ऐकू येतं. लॉरेटा एप्रन न सोडताच आपल्या जागी बसली, जरा अंग चोरूनच, जणू कुणी ओरडणार आहे. क्लेमने पोल्का लावला.

ट्युबा आला. ग्लास गप्प राहिले. तो कुणाच्या छातीवर बसला नाही की कुठे हरवला नाही. एकेक सूर सुटा, गोल, पाऊल टाकल्यासारखा. लॉरेटाने आधी श्वास धरला होता, तो सोडला. मग तिची टाच हलायला लागली.

"कसं वाटतंय तिथे?" क्लेमने विचारलं.

तिने नाकाने वास घेतला. "पाव करपले," ती म्हणाली. आणि उठली नाही.

नॉर्ब आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहून मान इकडून तिकडे करत होता. "च्यायला, आता बैल कुठला आणि चुलतभाऊ कुठला, तेच कळेना." हे कौतुक आहे की अपमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ट्रक रिकामा गेला आणि वर रेडिओ बंदच राहिला, हे मात्र खरं.

त्याला आता दोन वर्षं झाली. सगळं श्रेय त्या नव्या पेटीला मिळतं. लोक येतात, बसतात, "काय खर्ज आहे!" म्हणतात आणि क्लेम बोटाने तिच्याकडे दाखवतो. मला राग येतो. वाजतो मी आणि शाबासकी कापणाऱ्याला! मत्सर काही माझ्यातून कापता आला नाही, मित्रांनो. तो खालच्या सुरांत बसत नसावा.

पण रविवारी दुपारी दोन खुर्च्या भरलेल्या दिसतात तेव्हा मी बैलाकडे पाहत नाही. गाणं सुरू करण्याआधी क्लेम दर वेळी विचारतो, "तिथे ठीक आहे ना?" लॉरेटा दर वेळी म्हणते, "रोज काय विचारतोस?" आणि तो पुढच्या वेळी पुन्हा विचारतो.

म्हणून तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. आमची धूळ झटका, नाही झटकली तरी चालेल. पण घरात कुणासाठी काही वाढवत असाल, आवाज असो, जेवण असो की माया असो, तर हात लावण्याआधी एकदा उठा आणि त्या माणसाच्या जागी जाऊन बसा. तिथून कसं लागतं ते स्वतः पाहा. क्लेमसारखा कसबी माणूस, केसभर चूक न करणारा, त्याला हे कळायला एकतीस वर्षं लागली. तेवढी वर्षं लॉरेटा वर एकटी बसली.

दोघांच्या खुर्च्यांमध्ये सहा फुटांचं अंतर होतं.